वळणावरचे बांबू

एका पेठेच्या गावात गणोजी नावाचे एक कारभारी होते. गावाबाहेरच्या जमिनीचे तुकडे पाडून तिथे घरं बांधायची, तर आधी त्यांची मंजुरी लागे. मंजुरीची रीत जुनी. जमिनीच्या धन्याने रस्ते चुन्याने आखायचे, दर वळणावर उद्याच्या भिंतींच्या जागी बांबू रोवायचे आणि कडब्याने भरलेली बैलगाडी त्यांमधून फिरवून दाखवायची. कडबा इतका रुंद नि उंच रचत, की वर बसलेल्याला म्हणे शेजारच्या गावात चुलीवर काय शिजतंय तेही दिसे! एक जरी बांबू कलला, तरी मंजुरी नाही.

एकदा मोतीशेट नावाच्या व्यापाऱ्याने माळावरच्या जमिनीचे तुकडे पाडायला काढले. विकायला तुकडे जास्त निघावेत म्हणून रस्ते अरुंद ठेवले. चुना पडला, गाडी आली. बांबू मात्र कुठे दिसेनात.

“शेटजी, बांबू?” गणोजींनी विचारलं.

“अहो कारभारी, चुना ठसठशीत दिसतोय ना? चाक चुन्याच्या आत राहिलं म्हणजे झालं! आणि हो, वळणावरचा तुकडा तुमच्यासाठी राखलाय. पूर्वेला तोंड, वारा मोकळा. बांधकामही आमच्याकडेच लागलं.”

गाडी वळली. चाकं चुन्याच्या आत राहिली, पण कडबा हातभर बाहेर आला. गणोजींना तो स्पष्ट दिसला. त्यांच्याच होणाऱ्या ओसरीवरून तो चालला होता. पण ओसरी अजून कुठे होती? तिथे होती नुसती हवा, आणि हवा काही तक्रार करत नाही.

गणोजींनी मान डोलावली.

घरं उठली. वळणावर गणोजींची ओसरी सजली. गल्लीच्या टोकाला सगुणा कोष्टीण राहायला आली. तिच्या मागावर चार लेकरांचं पोट होतं.

चैत्रातल्या एका दुपारी सगुणाच्या घराने पेट घेतला. लेकरं बाहेर निघाली, माग आत राहिला. घागरींनी आग आवरेना. दोन्ही बाजूंना बाहेर येतील इतकी पाण्याची पिंपं लादलेली गाडी धावत आली आणि वळणावर गणोजींच्या ओसरीला अडकली. ना पुढे, ना मागे.

“कारभारी, पाणी!” सगुणा ओरडली. “हातभर जागेपायी माझं घर जळतंय हो!”

गणोजींनी पहार उचलली आणि स्वतःच्याच ओसरीवर घाव घातले. मोतीशेटने बांधकाम भलतंच पक्कं केलं होतं. भिंत पडली, गाडी पुढे गेली. तोवर मागाची राख झाली होती.

गणोजी हात जोडून म्हणाले, “सगुणा, नवा माग मी देतो.”

“द्या. लेकरांसाठी घेईन मी. पण मला एक सांगा. इथे भिंत आडवी येणार, हे मंजुरी दिलीत त्या दिवशी ठाऊक होतं तुम्हाला?”

सगळा गाव ऐकत होता.

“होतं,” गणोजी म्हणाले.

ती ओसरी त्यांनी पुन्हा बांधली नाही. मंजुरी मागायला जो येई, त्याला आधी त्या ढिगाऱ्यापाशी उभं करत. मग बांबू स्वतःच्या खांद्यावर टाकून त्याच्यासोबत माळाची वाट धरत.

तात्पर्य: उद्याची अडचण आज दिसत असताना जो होकार देतो, त्याच्या होकाराची किंमत भलत्यालाच मोजावी लागते.