मनोऱ्याचा आकार

एका राज्यात, जिथे नद्या राजाची परवानगी घेऊन वळत, तिथे सात मजल्यांचा एक मनोरा होता. जमीन आणि भिंती वक्रनाथ जादूगाराच्या. आतली घरे मात्र नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने रहिवाशांची. छप्पर, दिवे आणि जिना वक्रनाथाने राखायचा आणि त्याबद्दल प्रत्येक घराने वर्षाला आकार भरायचा, असा करार होता. जो भरत नसे, त्याचे दार सूर्यास्ताला दगडाचे होई. चौथ्या मजल्यावरची दोन दारे अशी दगड झाली होती. आतून कधीमधी जात्याची घरघर ऐकू येई.

पट्टा घरोघरी होता, देव्हाऱ्यात, लाल फडक्यात गुंडाळलेला. दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहत, झेंडू ठेवत, हात जोडत. उघडून मात्र कोणी वाचला नव्हता. देवांच्या शेजारी बसलेल्याची घडी मोडायची कशी?

सातव्या मजल्यावर मानाजी, त्याची बायको चिमा आणि धाकटा भाऊ सिदू राहत. एके सकाळी पाण्याची घागर घेऊन चढताना पाचव्या मजल्याची पायरी निखळली आणि मानाजी गेला.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी धनेश पक्षी खिडकीत येऊन बसला. तो वक्रनाथाचा कारभारी. चोच उघडून त्याने मागणी वाचली.

"छपराची डागडुजी, दहा मोहरा. दिवाबत्ती, चार. जिन्याची दुरुस्ती, अठरा. मुदत आज सूर्यास्तापर्यंत."

चिमाने हातातल्या पाटल्या उतरवल्या. "भावजी, ह्या मोडा आणि भरा. घर तरी राहू दे."

सिदूचे कान तापले. "कुठल्या जिन्याची दुरुस्ती रे?"

"मनोऱ्याला एकच जिना आहे."

"त्याच जिन्यावरून माझा दादा पडला!"

"ते मागणीत लिहिलेले नाही," धनेश म्हणाला.

सिदूने देव्हाऱ्यात हात घातला आणि लाल फडके टराटरा फाडले.

"अहो भावजी, आंघोळ नाही केलेली तुम्ही!"

"लागू दे पाप. दादा गेला, आता आणखी काय जायचंय?"

सिदू शाळेत दोनच पावसाळे गेला होता. एकेका अक्षराखाली बोट ठेवीत तो दुपार टळेपर्यंत वाचत राहिला. पट्ट्याच्या शेवटी, राजमुद्रेच्या वर, लिहिले होते: पट्टेदाराने विचारल्यास मालकाने काम, कारागीर आणि पावती दाखवावी. तोवर आकार मागू नये. खोटे दाखवील, त्याचे मंत्र सरतील.

सिदू जिन्यात गेला आणि ओरडला, "वक्रनाथा! दाखव!"

दारे उघडली. शेजारचे भिकूअण्णा खाली मान घालून म्हणाले, "सिदू, गप रे. आम्ही भरतो, तूही भर."

"तुम्ही भरत आलात, म्हणून तर तो मागत आला, अण्णा."

भिंतीतून वक्रनाथ बाहेर आला. "काय पाहायचे आहे?"

"काम."

वक्रनाथाने काठी आपटली. जिना तळापासून संगमरवरी झाला. सिदू धावत पाचव्या मजल्यावर उतरला आणि भाऊ पडला त्याच पायरीवर त्याने दोन्ही पायांनी उडी घेतली. संगमरवर कापडासारखा फाटला. सिदू कमरेपर्यंत आत गेला. मागोमाग उतरलेल्या भिकूअण्णांनी त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढून काढले. वक्रनाथाच्या हातातल्या काठीची राख झाली.

"कारागीर," सिदू धापा टाकीत म्हणाला.

वक्रनाथाने बाहीतून एक गवंडी काढला, पागोटे आणि थापीसकट. सिदूने त्याचा हात धरला. "चुना कालवणाऱ्याची बोटं ही? लोण्याच्या मडक्यात ठेवली होतीस काय रे?"

लोक हसले. गवंडी विरघळला. वक्रनाथाची सावली त्याला सोडून जिना उतरून गेली.

"पावती."

वक्रनाथ कठड्यावर येऊन बसलेल्या धनेशाकडे वळला.

"महाराज," धनेश म्हणाला, "तेवीस वर्षे मी मागण्या वाहिल्या. पावती एकदाही दिली नाहीत. चोचीत नाही ते कुठून काढू?"

सूर्य डोंगराला टेकला होता. वक्रनाथ म्हणाला, "मोहरा टाक. नाहीतर तुझ्या वहिनीचे दार दगड होईल."

सिदू वर गेला आणि उंबऱ्यात बसला. "होऊ दे. दगड व्हायचं तर आधी मी. पण न केलेल्या कामाची एक मोहर मिळायची नाही."

चिमा त्याच्या शेजारी येऊन बसली. तिने पाटल्या परत हातात चढवल्या.

सूर्य मावळला. दार लाकडाचेच राहिले. मग चौथ्या मजल्यावर कडाड आवाज झाला. दगडाची दोन्ही दारे उघडली आणि पिठाने माखलेली एक म्हातारी बाहेर आली.

"आकार कोणी भरला?"

"कोणीच नाही, आजी."

वक्रनाथाला आता भिंतीतून जाता येईना. तो जिन्याने उतरू लागला.

"पाचव्या मजल्यावर जपून," सिदू वरून म्हणाला. "तिथली पायरी दुरुस्त केलेली नाही."

रहिवाशांनी पट्टा राजापुढे नेला. राजाने तो वाचून हुकूम दिला: मनोऱ्याची देखभाल रहिवाशांनीच करावी. वक्रनाथाने आकाराच्या मोहरा तळघरात साठवल्या होत्या आणि त्यांना हात लावणारा आजवर आंधळा होई. जिन्याच्या कामाला काढल्या, तेव्हा त्या नुसत्या मोहरा निघाल्या. कारभार सिदूकडे आला. तेव्हापासून त्या मनोऱ्यात मागणारा आधी दाखवतो आणि देणारा आधी विचारतो.

वर्षाने सिदू आपल्याच घरी आकार मागायला गेला. चिमाने पदर खोचला. ती पाचव्या मजल्यावर उतरली आणि नव्या पायरीवर बराच वेळ उभी राहिली. गवंड्याला बोलावून त्याच्याशी बोलली. मग म्हणाली, "पावती वाचा, भावजी."

सिदूने पावती उघडली. दोन ओळी वाचून पाचव्या मजल्याची पायरी आली, तसा तो घडी घालू लागला.

"सगळी वाचा," चिमा म्हणाली. "मला घाई नाही."