बॉनेटवरची साक्ष

शेवंता टिपुगडे नर्सबाईंना सोमवारी डोंगरातल्या दवाखान्यात रुजू व्हायचं होतं, आणि दारात गाडी नव्हती. जिवाला चैन कसली ती नव्हती. ऐन थंडीत सकाळी सातलाच त्या आप्पासाहेब मगदुमांच्या जुन्या गाड्यांच्या आवारात आल्या आणि एका छोट्या पांढऱ्या गाडीभोवती घिरट्या घालू लागल्या.

"या गाड्या गारठल्या की सुरू होत नाहीत, म्हणून कंपनीनं दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या ना? काम झाल्याचा कागद दाखवा."

"कागद कशाला? मगदुमाचा शब्द आहे!" आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आठ दिवस हिला चावी लागलेली नाही. बघा, एका झटक्यात सुरू करतो."

"थांबा. आवारात वीस गाड्या आहेत. मग तुमचं मांजर नेमकं हिच्याच बॉनेटवर का झोपलंय?"

"त्याची... सवय आहे."

बाईंनी बॉनेटला हात लावला. चांगलंच ऊबदार होतं.

"मग चहा घेऊ. हे गार झालं की मारा चावी."

आप्पासाहेब गडबडीनं मांजराला हुसकायला धावले.

"राहू दे हो," पर्स उचलत बाई म्हणाल्या. "अख्ख्या आवारात खरं बोलणारं तेवढं एकच आहे. झोपू दे त्याला."