पिसं आणि पुंगी

धडगावच्या डोंगरातला आदिवासी नट जाल्मा वळवी नाटकांत कामं करत करत मुंबईच्या एका चित्रपटापर्यंत पोचला. भूमिका होती शहरातल्या शाळेत नोकरीला लागलेल्या आदिवासी मास्तराची. युनिटमध्ये त्याची भाषा बोलणारं कुणी नव्हतं. जेवताना सगळे त्याच्याकडे कुतूहलाने बघत, पण शेजारी कुणी बसत नसे.

पहिल्याच दृश्याआधी दिग्दर्शक रेगे यांनी त्याचा शर्ट-पँट पाहून नाक मुरडलं.

"हा आदिवासी वाटतच नाही. याच्या डोक्यात पिसं खोवा."

"सर, आमच्याकडचे मास्तर असेच कपडे घालतात," जाल्मा म्हणाला.

"तुमच्याकडचं राहू द्या. प्रेक्षकांच्या मनात जो आदिवासी आहे, तोच दाखवावा लागतो. जमत नसेल तर दुसरा नट बघतो."

जाल्माने पिसं हातात घेतली. "खोवतो, सर. मात्र हा सिनेमा घेऊन तुम्ही परदेशातल्या महोत्सवाला जाल, तेव्हा पुंगी वाजवत, गळ्यात नाग घालून स्टेजवर चढा. तिथल्या प्रेक्षकांच्या मनातला भारतीय तसाच असतो."

कॅमेरामनने हसू लपवायला तोंड फिरवलं. रेगे त्याच्या हातातली पिसं काढून घेत म्हणाले, "शर्टच असू दे."

त्यानंतर जेवताना माणसं आणखीच लांब बसू लागली.

सिनेमा लागला, तेव्हा जाल्मा एकटाच बघायला गेला. मध्यंतर होत आलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, यातला आदिवासी मास्तर कोणता?"

जाल्मा अंधारात हसला. हे सांगायला शेजारच्या खुर्चीवर कुणीच नव्हतं.