फळ्यावरचा तिसरा गोल

घानामधल्या एका गावची रीत अशी, की राजाशी थेट बोलायचं नाही. बोलायचं ते ओफोरीशी. सोनेरी मुठीची काठी घेतलेला हा म्हातारा दुभाष्या प्रत्येक शब्द पारखून मगच पुढे पोचवी.

तिथं रेडिओ केंद्रासाठी जागा मागायला एक विलायती प्राध्यापक आले. संवादशास्त्राचे मोठे पंडित! त्यांनी दरबारात फळा मांडून त्यावर दोन गोल काढले आणि मध्ये बाण ओढला. "हा बोलणारा, हा ऐकणारा. मध्ये येईल तो अडथळा. या म्हाताऱ्याला आधी बाजूला करा!"

ओफोरीनं यातला शब्दन् शब्द राजाला सांगितला आणि काठी खाली ठेवून मुकाट बाजूला बसला.

प्राध्यापक अर्धा तास इंग्रजीत बोलले. राजानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. प्राध्यापकांनी हसतहसत जोरात मान डोलावली. अख्खा दरबार खदखदून हसला.

"काय विचारलं हो?" प्राध्यापक ओफोरीच्या कानाशी लागले.

"मी कसं सांगू, साहेब? मी पडलो अडथळा!"

प्राध्यापकांनी गुपचूप खडू उचलला आणि दोन गोलांच्या मधोमध तिसरा काढला.

"जरा मोठा काढा," ओफोरी काठी उचलत म्हणाला. "राजानं विचारलं, उद्यापासून आमच्या शेळ्या राखाल का? तुम्ही हो म्हणालात."