आईच्या फोटोसाठी लेन्स

“…पण मग ह्या कॅमेऱ्याला साजेल अशी लेन्स कुठली, तेवढं सांगा ना गुरुजी.”

अत्तारगुरुजी कॅमेरा हातात घेऊन उलटासुलटा करून बघत होते. चष्मा कपाळावर चढवलेला. कुरुंदवाडच्या हायस्कुलात त्यांनी हयातभर चित्रकला शिकवली आणि शाळा सुटल्यावर घराच्या वरच्या खोलीत गावाचे फोटो काढले. केतकी माळवदे कॅमेरा धरायला शिकली ती ह्याच खोलीत. आता पुण्यात तिचं नाव होतं. लग्नाचा मुहूर्त काढण्याआधी लोक तिची तारीख मोकळी आहे का ते विचारत, आणि हे ती दोनचार वाक्यांनंतर समोरच्याला कळू देई.

“जड आहे,” गुरुजी म्हणाले.

“एकसष्ट मेगापिक्सलचा आहे.”

“म्हणजे काय करतो?”

“सगळं दिसतं त्यात. पापणीचा केस न् केस, शालूचा धागा न् धागा. म्हणून तर साधी लेन्स चालत नाही. लेन्समध्ये जराशी खोट असली तरी हा ती चव्हाट्यावर मांडतो.”

“चहाडखोर आहे म्हणायचा.”

केतकीला हसू आलं नाही. गेले कित्येक दिवस तिने चार्ट वाचले होते, व्हिडिओ पाहिले होते, दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. कुठली लेन्स मधोमध धारदार असते, कुठली कडेला मऊ पडते, कुठली समोरून उजेड आला की फिकी पडते, सगळं तिच्या जिभेवर होतं. तिने ते गुरुजींना ऐकवलंही. गुरुजी पहिल्या बाकावरच्या मुलासारखे मन लावून ऐकत राहिले.

“ही नवी, पंच्याऐंशी एमएमची,” तिने पिशवीतून एकेक काढून टेबलावर मांडलं. “हिच्याइतकी धारदार मी तरी दुसरी पाहिली नाही. आणि ही झूम, लग्नाकार्यात वापरते ती.”

“आणि कपाटाकडे काय बघतेस सारखी?”

…

चोरी पकडली गेली होती. कपाटात, फलाटीनच्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेली गुरुजींची जुनी लेन्स होती. तिच्या काचेत आतल्या बाजूला बुरशीचं बारीक जाळं धरलं होतं. तिच्यातून माणूस सायीतून काढल्यासारखा मऊ दिसे. गावातल्या निम्म्या मुलींची लग्नं ह्या लेन्सनेच जमवली, असं लोक चेष्टेने म्हणत.

“ती मिळेल का? एका फोटोपुरती. अ‍ॅडॉप्टर मी आणलाय, ती ह्याला बसवायला.”

“एवढा चहाडखोर कॅमेरा घ्यायचा आणि त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधायचं?”

केतकी टेबलावरच्या लेन्सा सारख्या करत राहिली.

“फोटो कुणाचा आहे?”

ती खिडकीपाशी गेली. खाली ओट्यावर शशिकलाबाई बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर डाव्या गालावरून खाली ओढलेला, आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून हाताने धरलेला.

“आईचा,” केतकी म्हणाली.

केतकी शाळेत जायला लागली त्या सुमारास आईच्या डोळ्याखाली तांदळाएवढा पांढरा डाग उठला होता. मग तो गालभर पसरला, मानेवर उतरला. औषधं झाली, पथ्यं झाली, लोकांनी सांगितलं ते सगळं झालं. कोड हटलं नाही. आईने मग फोटोच सोडून दिले. कुणाचंही लग्न असो, बारसं असो, फोटोवाला आला की तिला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघे. जिची लेक फोटोवर पोट भरते, तिचा स्वतःचा, लग्नातला सोडला तर, धड असा एक फोटो घरात नव्हता.

“मग आता कशा तयार झाल्या?”

“स्वतःच म्हणाली. म्हणे, माझ्यामागे भिंतीवर तो लग्नातला फोटो लावू नका. ती पोरगी मला आता ओळखायची नाही. आत्ताच्या मला काढ. पण एकदाच बसेन म्हणालीय. आवडला नाही तर पुन्हा विषय काढायचा नाही.”

गुरुजींनी मान हलवली.

“मला भीती वाटते गुरुजी. नव्या लेन्सने काढला तर डागाची कड न् कड दिसेल. ती बघेल आणि मग संपलंच.”

“भीती कुणाला वाटते?”

“तिला.”

“अस्सं,” गुरुजी म्हणाले.

…

मग उठून त्यांनी कपाट उघडलं आणि फलाटीनचं गाठोडं तिच्या हातात ठेवलं. इतक्या सहज मिळेल असं केतकीला वाटलं नव्हतं. वाद घालायला ती घरून तयारी करून आली होती, ती सगळी वाया गेली.

“मात्र हिच्यात आपोआप काही होत नाही. अंतर मोजावं लागतं.” गुरुजींनी खिळ्याला टांगलेली दोरी काढली. सुती दोरी, ठरावीक अंतरावर गाठी मारलेली. एक टोक कॅमेऱ्यापाशी धरायचं, दुसरं बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याला टेकवायचं, गाठी मोजायच्या आणि तेवढ्या अंतरावर लेन्स फिरवायची. ह्या खोलीत हयातभर असंच चालत आलं होतं.

“कॅमेऱ्यातच मोठं करून बघता येतं, गुरुजी. केसाइतकं अचूक.”

“येत असेल. पण इथे दोरी लागते.”

केतकी आईला आणायला खाली गेली.

शशिकलाबाई कठड्याला धरून वर आल्या.

“या ताई. जिना जरा त्रासाचा आहे.”

“जिन्याचं काही नाही हो गुरुजी. फोटोचंच टेन्शन आलंय.”

त्यांना उत्तरेच्या खिडकीजवळ स्टुलावर बसवलं. त्या खिडकीतून ऊन कधीच येत नसे, नुसता शांत उजेड येई. केतकीने जुनी लेन्स चढवली, कॅमेऱ्याचं तिकाटणं जागेवर लावलं. आईने पदर सोडला नव्हता. सोडा, असं गुरुजीही म्हणाले नाहीत.

“केतकी, हे टोक धर. डोळ्याखालच्या हाडावर टेकवायचं.”

“कुठल्या बाजूच्या?”

“उजेड आहे त्या.”

उजेडाकडे डावा गाल होता.

केतकी टोक घेऊन आईसमोर उभी राहिली आणि तिने ते पदरापुढे बोटभर अंतरावर हवेत धरलं.

“दोरी लोंबतेय,” गुरुजी कॅमेऱ्यामागून म्हणाले. “टेकव.”

तिने हात थोडा पुढे नेला… आणि तिथेच थांबवला.

“आण इकडे. मी धरते,” आई म्हणाली.

चटकन म्हणाली, सवयीने. हे वाक्य तिने किती वेळा ऐकलं होतं! आईचं डोकं दुखायचं तेव्हा बामची डबी घेऊन ती जवळ जायची, आणि आई म्हणायची, आण इकडे, मी लावते. सणाला कुंकू लावायची वेळ आली की, राहू दे, मी लावून घेते. लहानपणी कुणी शेजारीण केतकीला बाजूला घेऊन म्हणाली होती, तिथे हात लावत जाऊ नकोस हं. आईने ते ऐकलं असणार. त्या दिवसापासून तिने लेकीवर हात लावायची वेळच येऊ दिली नव्हती.

हात लावल्याने कोड लागत नाही हे केतकीला चांगलं माहीत होतं. ती चारचौघांत ठासून सांगायची. आणि रोज सकाळी तोंड धुतल्यावर आरशाजवळ जाऊन स्वतःचा डावा गाल निरखून बघायची. हे मात्र तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं.

“नको,” ती म्हणाली. “मी धरते.”

तिने पदर बाजूला केला. आईची बोटं एकदम घट्ट झाली, मग सुटली. केतकीने दोरीचं टोक डोळ्याखाली ठेवलं आणि त्यावर अंगठा टेकवला.

तिथे हाताला काहीतरी वेगळं लागेल असं तिला वाटलं होतं. तसं काही लागलं नाही. गाल होता. ऊबदार, सुरकुतलेला, आईचा गाल.

“दाबून धर की,” गुरुजी म्हणाले. “हलतंय टोक.”

तिने दाबून धरलं. उरलेली बोटं आपोआप कानामागे गेली, केसांत.

आईने डोळे मिटले.

“हात गार पडलाय गं तुझा.”

“हो.”

“जेवली नाहीस का नीट?”

“जेवले, आई.”

…

गुरुजी गाठी मोजत होते. मोजून झाल्या. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. ह्याला इतका वेळ लागत नाही हे केतकीला पक्कं ठाऊक होतं, पण तिने विचारलं नाही. आईच्या मानेचा सगळा भार हळूहळू तिच्या तळव्यावर आला होता.

“झालं का हो गुरुजी?” आईने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

“थांबा ताई. म्हातारा झालोय, मोजताना चुकतं माझं.”

“होऊ दे सावकाश,” आई म्हणाली.

केतकी खाली वाकली. “आई, मी इतकी वर्षं…”

“आत्ता नको. मला रडू आलं तर फोटो वाया जायचा.”

शेवटी गुरुजींनी दोरी ओढून घेतली आणि गुंडाळत बसले. केतकी कॅमेऱ्यापाशी आली. लेन्सच्या कडीवर हात ठेवून ती घटकाभर नुसती उभी राहिली. मग तिने जुनी लेन्स काढली, फलाटीनवर अलगद ठेवली, आणि टेबलावरची नवी, धारदार, पंच्याऐंशीची उचलून चढवली.

गुरुजींचं लक्ष दोरीकडे होतं. निदान त्यांनी तसं दाखवलं तरी.

“आई, इकडे बघ.”

आईने पाहिलं. पदर खांद्यावर होता. तो गालावर ओढायचं ती विसरली होती, की तिने मुद्दाम ओढला नाही, ते तिचं तिला माहीत.

एकच फोटो निघाला.

लॅपटॉपवर चेहरा उघडला. खरोखर सगळं दिसत होतं. पांढऱ्याची आणि सावळ्याची कड, एखाद्या नकाशातल्या किनाऱ्यासारखी, वळणावळणाची. पापणीचे काही केस पांढरे. डोळ्यांत खिडकी, आणि खिडकीशेजारी कॅमेऱ्यामागे वाकलेली केतकी, मुंगीएवढी.

शशिकलाबाईंनी चष्मा लावला आणि पुढे वाकल्या.

केतकी पडद्याऐवजी आईकडे बघत होती.

“अगं बाई,” आई म्हणाली. “हे असं आहे होय…”

“आई, तुला नको असेल तर—”

“थांब गं, बघू दे. आरशात मी कधी पुरतं बघतच नाही.” ती बघत राहिली. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. “आमच्या सासूबाईंना गोरी सून हवी होती. निम्मी तरी मिळाली की त्यांना.”

गुरुजी आधी हसले. मग आई हसली. मग केतकीही हसली, नाक पुसत. आईची ही थट्टा आपण इतक्या वर्षांत कधी ऐकलीच नाही, ह्याचं तिला फार वाईट वाटलं.

“हाच लावा भिंतीवर,” आई म्हणाली. “मोठा करून लावा. मी असेपर्यंत लावला तरी चालेल.”

केतकीच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. आणि ते उतरताच तिच्यातली पुण्याची नामांकित फोटोग्राफर जागी झाली. तिने चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. डोळ्याखाली, अगदी पांढऱ्या कातडीवर, अंगठ्याएवढा एक गुलाबी ठसा उमटलेला होता. म्हातारी कातडी, दाब लगेच भरून आला नव्हता. मधोमध दोरीच्या सुताची नक्षीसुद्धा दिसत होती.

“अरेच्चा! माझा अंगठा उमटलाय इथे. जुन्या लेन्सने दिसलाही नसता.” तिने लगेच पुसायचं साधन उघडलं. “काही नाही, दोन मिनिटांचं काम आहे. कळणारसुद्धा नाही कुणाला.”

गुरुजींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. पडद्याजवळ आले. बराच वेळ बघत राहिले…

“बाकी काय पुसायचं ते पूस, पोरी. एवढं राहू दे.”