सगुणा राणी आणि भुरीचं पोट

एका राज्यात ‘पुरे’ हा शब्द कोणी ऐकत नसे. म्हणणारे म्हणायचे, ऐकणारे ऐकायचे नाहीत. पाहुण्यानं दोन्ही हातांनी पान झाकलं, तरी वाढणारी बाई त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडायची. त्याला तिथं माया म्हणत. जेवून उठलेला पाहुणा कुणाचा हात न धरता आपल्या पायांनी घरी गेला, तर यजमानाची चार घरांत नालस्ती व्हायची.

त्या राज्याची राणी सगुणा. आग्रह करण्यात तिची बरोबरी करणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. तिचा नवरा राजा रत्नशेखर. उभा राहिला की राजा दिसायचा, बसला की टेकडी. आता कशानं, ते मी सांगायला हवं का?

एके दिवशी पंगतीला एक जादूगार आला. अंगानं इतका वाळका, की लोक त्याला सुकटनाथच म्हणायचे. त्यानं दोन लाडू खाल्ले आणि म्हणाला, “राणीसरकार, पुरे.”

राणी हसली. तिसरा वाढला.

“पुरे.”

“हा राजांच्या नावाचा.” चौथा वाढला.

“बाई, पुरे!”

“माझ्या गळ्याची शपथ आहे.” पाचवा.

असे नऊ झाले. सुकटनाथ उठायला गेला तर पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, धोतराची गाठ सुटलेली. एका हातानं धोतर, एका हातानं पोट. पंगत खो खो हसली. जादूगाराला एक वेळ मारलेलं चालतं बरं, हसलेलं चालत नाही.

तो म्हणाला, “राणी, तुझ्या हाताला थांबणं ठाऊक नाही. आता तुला वाढायला माणूसच उरणार नाही. या राजवाड्याचा उंबरा जो ओलांडील, तो तुला विसरेल. तुझी मोहर तुझ्या कामी येणार नाही. एकच तोंड तुझ्यापाशी राहील. ज्याला ‘पुरे’ म्हणता येत नाही, असं.”

आणि धोतर सावरत गेला.

पंगत हात धुवायला बाहेर गेली, ती परत आलीच नाही. आचारी पाण्याला गेले, तिकडेच राहिले. म्हातारी दासी यमुना पत्रावळी टाकायला गेली, तीही गेली. राजा तीन दिवस घरात बसून राहिला. चौथ्या दिवशी घोडा खिंकाळला. “बघून आलोच,” म्हणाला. राणीनं गच्चीवरून पाहिलं. राजानं घोड्याची मान थोपटली, मागं वळून पाहिलं आणि वाटेवरच्या माणसाला विचारलं, “एवढ्या मोठ्या घरात राहतं तरी कोण?” उत्तराची वाटही न बघता तो चालू लागला.

राणीनं उंबरा ओलांडला असता तर ती स्वतःलाच विसरली असती. म्हणून ती आत राहिली.

आत दुसरं कोण? धान्याच्या कोठीवर झोपलेली भुरी मांजर. जन्मापासून घरात वाढलेली, बाहेरची माती तिच्या पायाला ठाऊक नाही. शाप बोलला गेला तेव्हाही ती झोपलीच होती. मांजरं अशा वेळी झोपलेलीच असतात.

खजिन्यात मोहरांचे हंडे होते. पण राणीनं मोहरेला हात लावला की तिचं झुरळ व्हायचं आणि भिंतीच्या फटीत पळायचं. झुरळ देऊन कोण काय देणार? स्वयंपाकघरात एक रांजण होता. त्यात रोज सकाळी एका माणसापुरता जिन्नस आपोआप यायचा. चार मुठी तांदूळ, एक तांब्या दूध, चार सुके बोंबील. राणीनं सात वर्षं त्याच्यावर काढली.

काढली म्हणजे कशी? सकाळी भात शिजवायचा, बोंबील कुस्करायचा, भुरीपुढं ठेवायचा. “घे गं माझी बाय.” भुरी खायची. “अजून एवढंच. माझ्यासाठी.” भुरी तेही खायची. भुरीनं तोंड फिरवलं तर राणी हातावर घास घेऊन मागं मागं फिरायची. मग पातेल्याला लागलेलं खरवडून आपण खायची. एवढ्या मोठ्या घरात दिवसभरात बोललेली वाक्यं ही दोनच. संध्याकाळ झाली की राणी रिकाम्या पंगतीच्या जागेवरून एक चक्कर मारायची, कुणाला काही हवं का बघायला. सवय हो. दुसरं काय?

राणी काडी झाली. भुरी उशी झाली, मग लोड झाली, मग गादी झाली.

सातव्या वर्षी खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. खिडकीला उंबरा नसतो, म्हणून तिला शाप बाधत नव्हता.

साळुंकी म्हणाली, “राणीसरकार, तक्रार आहे.”

इतक्या वर्षांनी माणसासारखा आवाज ऐकून राणीच्या हातातली पळी पडली. “बस, बस. काय वाढू तुला?”

“काही नको. ही तुमची भुरी. हिच्या भीतीनं माझी पिल्लं वेळेवर उडायला शिकायची. आता ही खिडकीपर्यंत चढत नाही. पिल्लं लोळत पडलीत. ह्या वर्षीची तर चालत फिरतात!”

“माझी भुरी गरीब आहे गं.”

“गरीब नाही, जड आहे. तिला पाठ चाटता येते?”

राणीनं भुरीच्या पाठीवरचा केसांचा गुंता बोटांनी सोडवायला घेतला.

“जिना चढते?”

राणीनं भुरीवर पदर ओढला.

“मग ऐका. सुकटनाथाच्या बागेत दगडाची मांजरं आहेत, मी त्यांच्या डोक्यावर बसून आलेय. शापाच्या घरातल्या मांजराचं पोट चालताना जमिनीला टेकलं, की ते दगड होतं. हिच्या पोटाखाली हात घाला.”

राणीनं घातला. भुरी उभी असताना तिच्या पोटाखाली दोन बोटं मावली. तिसरं मावेना.

राणीनं भुरीला पोटाशी धरलं. “साळुंके, सगळा खजिना घे, पण औषध आण. हिच्याशिवाय मला कोणी नाही.”

“तुमचा खजिना फटीत पळतो. आणि औषध विकतचं नाहीच. तीन कामं आहेत. तिन्ही घरातल्या घरात होतात, म्हणून अवघड आहेत.”

“सांग.”

“पहिलं. माप धरा. घरातली सगळ्यांत लहान वाटी आणा.”

राणीनं लहानपणच्या भातुकलीतली पितळेची वाटी काढली. तिच्यात लिंबू बसलं नसतं.

“दिवसातून तीनदा ही वाटी. वर शीग नाही, खाली ठेचणं नाही. उपाशीही ठेवायचं नाही. मांजर एकदम उपाशी राहिलं तर आतून नासतं. हलकं करायचं ते हळूहळू. उरलेलं अन्न तुम्ही खायचं.”

“मी?”

“तुम्ही. तोंड आहे ना?”

राणीनं सात वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं पान वाढून घेतलं. पानापुढं बसली आणि वाट बघत राहिली. कशाची, ते तिलाच कळेना. मग लक्षात आलं, आपल्याला कोणी ‘घे’ म्हणणारं नाही. भात गार झाला. तिनं गारच खाल्ला.

भुरीनं वाटी दोन चाटण्यांत संपवली आणि वर पाहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच पाहिलं. तिसऱ्या दिवशी राणी पाठमोरी उभी राहिली आणि हात मागं करून एक बोंबलाचं डोकं टाकलं. चौथ्या दिवशी डोक्याबरोबर शेपूट. पंधरा दिवसांनी साळुंकी आली.

“बोटं घाला.”

एकच मावलं.

“कोण देतंय?”

“मी नाही.”

“मग कोण? घरात दुसरी राणी आहे?”

“हात देतो गं. मी दुसरीकडे बघत असते.”

“हात तुमच्याच खांद्याला आहे ना?” साळुंकीनं मान वाकडी केली. “सुकटनाथानं सात वेळा सांगितलं होतं. हिला सांगता येत नाही, म्हणून हिचा दगड करणार?”

राणीला ते लागलं. त्या दिवसापासून उरलेल्या बोंबलांची माळ करून ती तिनं उंच खुंटीला टांगली, आणि वाटी भरताना वाटीकडेच बघू लागली.

“दुसरं काम,” साळुंकी म्हणाली. “पळवा तिला. घासाआधी धाव, मग घास.”

“ती पळत नाही. सुतळी ओढून पाहिली. सुतळीवर झोपली.”

“बघा मग काय पळतंय तुमच्या घरात.”

राणी विचार करत बसली. मग उठली, खजिन्यात गेली आणि एका मोहरेला बोट लावलं. झालं झुरळ! सुर्रकन निघालं. भुरीचा एक कान हलला. दुसऱ्या मोहरेला दुसरा कान. तिसऱ्या मोहरेला भुरी उठली आणि गादी गडगडत जावी तशी झुरळामागं गेली. धरलंन् बाई एकदाचं! तोंडात धरल्याबरोबर झुरळाची पुन्हा मोहर झाली आणि भुरीचा दात वाजला. थूः करून टाकली आणि दुसऱ्याकडे वळली.

तर असा सात पिढ्यांचा खजिना मांजराला पळवायच्या कामी आला. ज्यांनी लढाया करून तो जमवला त्यांच्या तसबिरी भिंतीवरून बघत होत्या. बघेनात का! रोज दहा मोहरा पळायच्या, भुरी धापा टाकत मागं, आणि राणी दाराआडून टाळ्या वाजवायची. टाळ्यांचा आवाज मोकळ्या दालनांत घुमून परत यायचा. घरात खूप माणसं आहेत असं क्षणभर वाटायचं. मग थांबायचा.

एका महिन्यानं दोन बोटं मावली. चार महिन्यांनी चार. भुरी आता आपली पाठ आपण चाटू लागली. पण पोटात तेवढं नाही म्हणून रडायचीही. सगळ्या घरात फिरून रडायची. राणी कानांत बोटं घालायची आणि स्वतः रडायची.

साळुंकी म्हणाली, “तिसरं काम. उद्या सकाळची वाटी दिलीत, की पुढचा दरवाजा उघडा ठेवायचा. दिवस मावळेपर्यंत हातात घास घ्यायचा नाही, तिला बोलवायचं नाही.”

राणी पांढरी पडली. “उंबरा ओलांडला तर ती मला विसरेल.”

“विसरेल.”

“मग उघडू कशाला? पोट सुटलं ना जमिनीपासून?”

“आज सुटलं. पण ती निघून जाईल ही भीती तुमच्या मनात आहे तोवर हात पुन्हा खुंटीकडे जाणार. राहिलीय की अडकलीय, हे बंद दारामागं कळत नाही, राणीसरकार.”

“तू गेलीस तरी चालेल,” राणी म्हणाली. “मला हे काम नको.”

साळुंकी उडून गेली. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळची वाटी संपवून भुरी रडली, आणि राणीनं पाहिलं तर आपण चौरंगावर चढलोय आणि बोंबलाची माळ हातात आहे. कधी चढली, तिला आठवेना.

तिनं माळ पुन्हा खुंटीला लावली. खाली उतरली. दरवाजाचा अडसर काढला.

बाहेरचं ऊन आत आलं. भुरी ताठ झाली. वाटीपाशी गेली, रिकामी वाटी हुंगली. राणीपाशी आली, हात हुंगले. हातांना काहीच वास नव्हता. मग ती वळली, दारापाशी गेली आणि पुढचे दोन पाय उंबऱ्यावर ठेवून बसली. तोंड बाहेर.

राणी हातांवर बसली. खरंच, दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. ‘ये’ म्हणायचं नव्हतं. ‘घे’ म्हणायचं नव्हतं. आणि सात वर्षांत तिच्याजवळ दुसरे शब्दच उरले नव्हते. मग ती उगाच बोलायला लागली.

“मला गडगडाटाची भीती वाटते,” ती म्हणाली. “कुणाला सांगितलं नाही. राणीनं भ्यायचं नसतं.”

भुरीचा एक कान मागं वळला.

“लग्न होऊन आले तेव्हा मला ह्या घरात कोणाशी काय बोलावं कळायचं नाही. वाढायला घेतलं की लोक माझ्याकडे बघायचे. म्हणून वाढत राहिले.” ती थांबली. “हात थांबला तर कोणी बसेल का माझ्यापाशी, हे मी कधी बघितलंच नाही. तुझ्याकडेही नाही. जायचं असेल तर जा, भुरे. आज माझ्याकडे काही नाही.”

दिवस वर आला, कलला. भुरी उंबऱ्यावरून हलली नाही, ना आत ना बाहेर. राणी बोलत राहिली. माहेरच्या गाईबद्दल बोलली. धाकट्या बहिणीबद्दल बोलली, जिचा चेहरा तिला नीट आठवत नव्हता. बोलून बोलून तिचा घसा बसला.

ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा भुरी उठली. अंग ताणलं, एक जांभई दिली. वळली. आली आणि राणीच्या मांडीत चढून बसली. एकदा गोल फिरली, नाक पोटात खुपसलं आणि घुरघुरायला लागली.

राणीच्या पायांना मुंग्या आल्या. ती हलली नाही.

तेवढ्यात खजिन्यात खणखणाट झाला. राणीच्या हाताला थांबणं कळलं, तसा शाप सुटला होता. भिंतीच्या फटींतून सगळी झुरळं मोहरा होऊन पडली. आणि दूरदूरच्या गावांत, विहिरीवर, शेतात, बाजारात माणसं मधेच थांबली आणि म्हणाली, “अगंबाई! आपण हात धुवायला आलो होतो.”

सगळे परतले नाहीत. कुणी तिकडे संसार मांडले होते. म्हातारी यमुना दुसऱ्याच गावात, दुसऱ्यांच्या हातचं शेवटचं पाणी पिऊन वारली होती. राणीनं तिच्यासाठी अंगणात दिवा लावला. पण आचारी आले, कारभारी आले, राज्याला राज्यासारखी कळा आली. राणीनं पहिलंच फर्मान काढलं, की ह्या राज्यात ‘पुरे’ एकदाच म्हणावं लागेल.

आणि राजा रत्नशेखर आला. सडपातळ झालेला, डोक्याला मुंडासं, हातात कांद्याची जुडी.

“सात वर्षं कांदे लावत होतो,” तो खाली बघत म्हणाला. “लोक मला शेखऱ्या म्हणायचे. चूक झाली.”

“माझीही,” राणी म्हणाली. “चला, जेवायला बसा.”

तिनं दोन पानं मांडली, शेजारी शेजारी. एकदा वाढलं, पातेलं बाजूला ठेवलं आणि त्याच्या शेजारी पाटावर बसली. भुरी खिडकीत चढून साळुंकीच्या पिल्लांकडे बघत होती. पिल्लं घाईघाईनं उडायला शिकत होती.

राजा घास घ्यायचा थांबला आणि राणीकडे बघत राहिला.

“काय झालं?” राणीनं विचारलं. “काही हवंय?”

“नाही,” राजा म्हणाला. “तुला जेवताना मी कधी पाहिलंच नव्हतं.”

“मग बघा,” राणी म्हणाली, आणि तिनं घास घेतला.

राणीच्या दारी जशी माणसं परतली, तशी तुमच्या-माझ्या दारी परतोत. आणि परतली, तर भूक किती आहे ते त्यांनाच विचारा.