बाटलीच्या तळाचं विरजण

“...मग माझं चुकतं कुठं, ब्रदर?”

ब्रदर इनास वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

वसईजवळच्या टेकडीवरच्या त्या मठात त्यांनी चाळीस वर्षं स्वयंपाकघर सांभाळलं होतं. सणावारी लागणारी बिअरही तेच लावायचे. आता ब्याऐंशीचे झाले होते. समोर बसलेले गद्रे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत.

“काय काय केलंस, प्रोफेसर?”

गद्र्यांनी वही उघडली. वही त्यांच्या बायकोची, वृंदाची.

“मोड आणून वाळवलेले सातू, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं, कुटलेले धणे, मोसंबीची साल. ग्रॅमला ग्रॅम. आयुष्यात कधी चहासुद्धा केला नव्हता मी. पाच वेळा लावली. पाचही वेळा उत्तम उतरली. इतकी नितळ की ग्लासातून पेपर वाचावा.”

“मग?”

“तिच्यासारखी होत नाही.”

ब्रदर शेंगा सोलत राहिले.

वृंदा मठाच्या शाळेत शिकवायची. बिअर लावायला इथंच शिकली. दर हिवाळ्यात वीस बाटल्या भरायची आणि वर्षभर पुरवायची. तिला जाऊन वर्ष व्हायला आलं होतं.

“चूल पेटव,” ब्रदर म्हणाले.

गद्र्यांनी सातू भरडले, पाण्यात मुरवले, गाळले, उकळले. धणे आणि साल अगदी शेवटी टाकली. खिशातल्या थर्मामीटरकडे त्यांचा हात तीनदा गेला. 

काढा निवेपर्यंत दुपार कलली.

“आता विरजण.”

गद्र्यांनी खिशातून चकचकीत पाकीट काढलं. “हे घ्या. यीस्ट. बाहेरून मागवलंय.”

“वृंदाबाय कुठलं घालायची?”

गद्र्यांनी वही चाळली. सगळं होतं. तेवढंच नव्हतं.

“लिहायचं राहिलं असेल.”

“तुझी आई दह्याच्या विरजणाचं वहीत लिहून ठेवायची काय रे?”

“...नाही.”

“आधीच्या बाटलीच्या तळाचा गाळ घालायची ती. तू त्या गाळाचं काय करतोस?”

“टाकतो. बाटली ब्रशनं घासून घेतो.”

“शाबास.”

मग ब्रदरांनी गद्र्यांच्या पिशवीकडं बोट केलं.

“त्यात काय आहे?”

गद्र्यांनी पिशवी जवळ ओढली. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली एक बाटली बाहेर काढली.

“तिनं भरलेली. शेवटची. रंग ताडून बघायला आणलीय. उघडायची नाही.”

ब्रदर बाटलीकडं पाहत राहिले.

“तुमच्याकडचं द्या ना,” गद्रे घाईनं म्हणाले. “तिला तुम्हीच दिलं होतंत.”

ब्रदरांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती.

“तीन वर्षं लावली नाही मी. माझ्याकडचं मेलं. मला माझ्याआधीच्या ब्रदर पास्कोलनी दिलेलं. त्यांना आणखी कुणी. माझ्या हातात येऊन मेलं.”

“आणि... ह्यातलं?”

“वर्षभर तग धरतं. कधी धरत नाही.”

गद्रे बाटली मांडीवर घेऊन बसले. खाली शाळा सुटली. मुलांचा गलका टेकडीपर्यंत आला आणि विरून गेला.

ब्रदरांनी पुन्हा शेंगा हातात घेतल्या. ओपनर मात्र पाटावर ठेवून दिला होता.

बऱ्याच वेळानं गद्र्यांनी तो उचलला.

फुस्स झालं. तिनं आत कोंडलेली हवा निघून गेली.

दोन पेल्यांत त्यांनी हळूहळू ओतली. तळाची बोटभर ठेवली. पहिला घोट घेतला... मोसंबीचा वास, मागून धणे, आणि पाकिटातल्या यीस्टला कधी न आलेलं काहीतरी.

“हीच,” ते म्हणाले. 

ब्रदरांनी पेला संपवला. “हलव आणि ओत.”

गद्र्यांनी बाटली हलवली. गढूळ घोटभर ऐवज छोट्या बरणीतल्या काढ्यात पडला. बाटली रिकामी झाली.

गद्रे मठातच मुक्कामाला राहिले. दुसऱ्या दिवशी बरणीवर फेस नव्हता.

तिसऱ्या दिवशीही नव्हता. गद्र्यांनी जेवणाचं ताट पुढे सारलं.

“गेलं ना ब्रदर? तेवढं एक होतं माझ्याकडं. तेही तुम्ही ओतायला लावलंत.”

“वालाचं बिरडं आहे. खा.”

“मला भूक नाही.”

“तिलाही हेच आवडायचं. दोनदा मागून घ्यायची.”

 गद्र्यांनी ताट ओढून घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघरात आले, तेव्हा बरणीवर बोटभर फेस चढला होता. कान लावला तर आत बारीक चुरचुर चालली होती.

“ब्रदर!”

ब्रदर भिंत धरत आले. चपला दाराशी काढल्या. वाकले. नीट दिसत नसेल म्हणून वाकले असतील, असं गद्र्यांना वाटलं. पण ब्रदरांनी बरणीला कपाळ टेकवलं, आणि मग सरळ होऊन गद्र्यांपुढं हात जोडले.

“अहो, हे काय? आभार मी मानायचे...”

“मी ते तिला दिलं होतं. तिनं सांभाळून परत पाठवलं. तू घेऊन आलास.”

गद्र्यांनी ते थरथरते हात आपल्या हातांत धरले. काही म्हणावं असं त्यांच्या मनात फार होतं. वर्षभर ज्याला त्याला “ठीक आहे मी” म्हणून सांगत आलेल्या माणसाला ते कुठून सुरू करावं कळेना.

निघताना अर्धी बरणी मठात राहिली, अर्धी गद्र्यांनी घेतली. वृंदाची रिकामी बाटली त्यांनी पुन्हा साडीच्या तुकड्यात गुंडाळली. यीस्टचं पाकीट पाटावर तसंच पडून होतं.

फाटकापाशी ते थांबले.

“नवी तयार झाली की पहिली बाटली तिच्या फोटोपुढं ठेवीन, ब्रदर.”

“ठेव की.”

गद्रे चार पायऱ्या उतरले असतील.

“प्रोफेसर...”

ते वळले.

“पिऊन, रिकामी करून ठेव.”